मुलगा म्हणतोय 'हॉटशॉट' व्हायचंय. वणव्याच्या तुकड्यांबद्दल कुणाला माहिती आहे का?

सुमेधा_साउथबे

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तो पाककृतीचा नाही.

मुलगा १९ वर्षांचा, जन्म इथलाच, कॅलिफोर्नियातला. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं संपत आलीत. गेल्या रविवारी जेवताना म्हणाला, "पुढच्या सीझनला मी वणव्यावर जाणार. आधी साधा क्रू, मग हॉटशॉट." मला आधी वाटलं गेमबद्दल बोलतोय. नवऱ्याने तेवढं एकच विचारलं, "इन्शुरन्स असतो का?"

९ सप्टेंबर २०२० ला बे एरियात आकाश नारिंगी झालं होतं, इथल्या लोकांना आठवत असेल. भर दुपारी दिवे लावून बसलो होतो. तेव्हा हा दिवसभर वणव्याचे नकाशे बघत बसायचा. मला वाटलं हवामानशास्त्र वगैरे करेल. तर हे निघालं.

हे लोक नेमकं काय करतात, भरती कशी होते आणि यात पुढे काही आहे का, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. सासूबाई सांगलीला असतात. त्यांना काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न आहे.

चहाटळ_बापू

आमच्या काळी हॉटशॉट म्हणजे कॅमेरा. खटॅक्!

खुर्ची टाकून बसलोय.

घाटमाथ्यावरून

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आईबाप इतक्या खस्ता खाऊन परदेशात गेले ते मुलाने डोंगरात कुदळ मारावी म्हणून? छंद म्हणून एखादा उन्हाळा ठीक. कॉलेज पूर्ण करू दे आधी.

डग्लसफर

सुमेधाताई, मी ओरेगनमध्ये तीन सीझन केलेत. दोन इंजिनवर (पाण्याच्या गाडीवर) आणि एक टाइप-२ हँडक्रूवर, म्हणजे हातातल्या अवजारांनी रेषा खणणाऱ्या, हॉटशॉटच्या खालच्या पायरीच्या तुकडीवर. हॉटशॉट झालो नाही, पण त्यांच्या शेजारच्या रेषेवर राबलोय, तेव्हा जे पाहिलं ते सांगतो.

हॉटशॉटसारख्या तुकड्यांबद्दल पहिला गैरसमज पाण्याचा. आगीचा बंब, पाइप, शिडी हे सगळं डोक्यातून काढून टाका. रस्त्यापासून पाच-सहा मैल आत डोंगराच्या धारेवर पाणी कुठून आणणार? तिथे आगीला उपाशी मारायचं असतं. वीस जणांची रांग लागते. सगळ्यात पुढे चेनसॉवाले, त्यांनी कापलेली झुडपं उचलून फेकणारे त्यांच्या मागे, आणि मग पुलास्की, मॅक्लाउड (दाताळं आणि फावडं एकत्र) अशी अवजारं घेऊन खणणारे. प्रत्येकाने दोन-चार घाव घालायचे आणि पुढे सरकायचं. शेवटचा माणूस जातो तेव्हा गवत, मुळं, पालापाचोळा सगळं खरवडून खाली कोरी माती उघडी पडलेली असते. ती रेषा. मग बऱ्याचदा त्या रेषेवरून आपणच आग लावतो, म्हणजे मुख्य वणवा येईपर्यंत मधलं जळण संपलेलं असतं.

असं रोज १६ तासांपर्यंत, सलग १४ दिवस. झोप जमिनीवर, आंघोळ नशिबात असेल तर. दोन आठवड्यांनी सुट्टी, आणि पुन्हा दुसऱ्या राज्यात दुसरी आग.

हॉटशॉट म्हणजे हेच काम, पण जिथे उतार सगळ्यात खडा आणि आग सगळ्यात तापलेली तिथे. नावही त्यावरूनच पडलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सरकारी जंगलांत पहिल्या तुकड्या उभ्या राहिल्या. आता शंभराच्या वर आहेत, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत. जास्तीत जास्त फॉरेस्ट सर्व्हिसच्या, बाकीच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, पार्क सर्व्हिस आणि आदिवासी जमातींच्या.

भरतीचं रात्री लिहितो. आता मीटिंग आहे. (हो, मी आता एसीत बसून नकाशे काढतो.)

रानपाखरू

पुलास्की हे काय प्रकरण आहे? माणसाचं नाव वाटतंय.

डग्लसफर

माणसाचंच. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं पातं. आपली कुदळ आणि कुऱ्हाड एकाच दांड्यावर बसवली असं समज. एड पुलास्की आयडाहोमध्ये वनखात्यात होता. ऑगस्ट १९१० मध्ये तिथे आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. पुलास्कीने आपल्या चाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंबलं. घाबरून बाहेर पळू बघणाऱ्यांना पिस्तूल दाखवून रोखलं. पाच-सहा जण दगावले, बाकीचे वाचले. हे अवजार त्याच्याच नावाने ओळखलं जातं आणि शंभर वर्षांनंतरही त्यात फारसा बदल करावा लागलेला नाही.

चहाटळ_बापू

म्हणजे आमच्या ऑफिसात मीटिंगमधून पळणाऱ्यांना थांबवायची कल्पना जुनीच आहे तर.

मोहफूल

सुमेधाताई, मी विदर्भातला. वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. आपल्याकडे हॉटशॉट वगैरे नाव नाही, पण काम तेच आहे भाऊ. त्यांची ती रेषा म्हणजे आपली जाळरेषा. १५ फेब्रुवारी ते १५ जून आपला वणव्याचा हंगाम, त्याच्या आत जाळरेषा कापून-जाळून साफ झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर मार्चमध्ये रात्र-रात्र जागरण.

आमच्याकडे आगीचं मोठं कारण म्हणजे मोहफुलं. वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ते पुढे सरकत जातं. त्यांना दोष देऊन चालत नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. विझवायला पूर्वी फक्त हिरव्या डहाळ्या होत्या, झोडपत झोडपत जायचं. आता पाचोळा उडवायचे ब्लोअर आलेत, त्याने खूप फरक पडला. उपग्रहावरून मोबाइलवर सूचना येते. पण शेवटी डोंगर चढून जातो तो गावातला हंगामी मजूर, पायात चप्पल घालून. त्याचं वय, त्याची तब्येत, त्याची रोजी, कोणी विचारत नाही. तुमच्या मुलाला निदान बूट तरी देतील ना?

डग्लसफर

मोहफूलकाका, बुटांबद्दल विचारूच नका. कपडे, हेल्मेट, हातमोजे, पाठीवरची बॅग सरकारचं. बूट स्वतःचे. चामड्याचे, निदान आठ इंच उंच, खाली जाड खाचांचा सोल. चांगल्या जोडीला ५०० डॉलरच्या आसपास मोजावे लागतात आणि आधी महिनाभर घालून मऊ केले नाहीत तर पहिल्या दिवशी टाचा सोलून निघतात.

घाटमाथ्यावरून

मोहफूल यांनी माझाच मुद्दा सिद्ध केला. मजुराचं काम आहे. आदर आहे, पण मजुराचं काम आहे.

नर्मदेकाठी

@घाटमाथ्यावरून, मुलगा सैन्यात जातो म्हणाला असता तर तुम्ही "अभिमान वाटतो" लिहिलं असतं. तिथेही खंदक खणतातच. फरक फक्त एवढाच की त्या खणण्याला आपल्या डोक्यात प्रतिष्ठा आहे.

आता दुसरी बाजू. मी श्वसनविकाराची डॉक्टर आहे. शहरातले अग्निशामक तोंडाला हवेचं नळकांडं लावून आत जातात. जंगलात १६ तास ते शक्यच नाही. बहुतेक जण गळ्यातला रुमाल नाकावर ओढतात, आणि त्याने धूर अडत नाही. २०२२ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक गटात टाकला, पहिल्या गटात, जिथे तंबाखू आहे. दोन-चार सीझनचं गणित वेगळं आणि वीस वर्षांचं वेगळं. ताई, नवऱ्याने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर आहे.

सुमेधा_साउथबे

बाप रे. सगळं वाचतेय. डॉक्टर, हे मी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "आई, बे एरियाच्या फ्रीवेवर काय गुलाबपाणी शिंपडतात का?"

डग्लसफर, भरतीचं?

डग्लसफर

हो, आलो.

हॉटशॉटमध्ये कोऱ्या पाटीने थेट शिरणं अवघड. नियमच असा आहे की तुकडीतल्या किमान ८० टक्के लोकांच्या गाठीला एक तरी सीझन हवा. म्हणजे वीसमध्ये नवख्यांना जेमतेम चार जागा, आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. म्हणून मुलगा म्हणतोय तेच बरोबर, आधी इंजिन किंवा टाइप-२ क्रू. १८ ते २५ वयासाठी कॅलिफोर्निया कन्झर्व्हेशन कॉर्प्सही आहे, तिथेही वणव्याच्या तुकड्या असतात. बरेच जण त्या वाटेने आलेले मी पाहिलेत.

केंद्र सरकारच्या जागा यूएसएजॉब्सवर निघतात. वणवे उन्हाळ्यात, पण भरती त्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्याच्या तोंडालाच. मेमध्ये जाग आलेल्याला काही मिळत नाही. मुलगा आहे, तेव्हा सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (सक्तीची सैन्यभरती करावी लागली तर त्यासाठीच्या सरकारी यादीतली) नोंदणी झालेली असू दे, फॉर्मवर विचारतात.

आणि खरी गोष्ट वेबसाइटवर नसते. फोन करायचा. प्रत्येक तुकडीचा सुपरिंटेंडेंट असतो, 'सूप' म्हणतात त्याला. त्याला थेट फोन करून सांगायचं की मी अर्ज केलाय, मला तुमच्याकडे यायचंय. शक्य असेल तर स्टेशनवर जाऊन भेटायचं. आपल्या मुलांना हे जमत नाही. त्यांना वाटतं अर्ज नीट भरला की झालं. मी पहिल्या वर्षी एकही फोन केला नाही आणि एकही उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी अकरा फोन केले, तीन ठिकाणी बोलावलं. आणि फोन मुलानेच करायचा ताई, तुम्ही नाही!

चहाटळ_बापू

"नमस्कार सूपसाहेब, मी सौरभची आई बोलतेय, तो लाजाळू आहे हो जरा..."

सुमेधा_साउथबे

बापू, गप्प बसा. (नाव सौरभ नाही, पण हे मी करू शकले असते.)

एच४_वाली

वाचनमात्र होते, पण विचारतेच. ग्रीन कार्डवर जमतं का? माझा भाऊ विचारतोय.

डग्लसफर

केंद्राच्या नोकऱ्यांना साधारणपणे नागरिकत्व लागतं. मी स्वतः नागरिक होईपर्यंत थांबलो होतो. आणि वयाचंही बघा. कायमस्वरूपी फायरफायटरच्या जागेवर ३७ च्या आत लागावं लागतं, कारण ५७ ला सक्तीची निवृत्ती असते.

केलोनाकर

कॅनडात बघू दे भावाला. ब्रिटिश कोलंबियात हॉटशॉटसारख्याच वीसेक जणांच्या तुकड्या असतात, 'युनिट क्रू' म्हणतात. लहान तुकड्या हेलिकॉप्टरमधून दोराने उतरतात. २०२३ साली इथे देशभरात दीड कोटी हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. आमच्या केलोनात तेव्हा तळ्यापलीकडे डोंगर पेटलेला घरातून दिसायचा, आणि आम्ही गाडीत पासपोर्ट, दागिने आणि गोडा मसाला भरून बसलो होतो. गोडा मसाला का, ते बायकोला विचारा.

रानपाखरू

शारीरिक चाचणी असते का? मुलींना घेतात का?

डग्लसफर

घेतात, आणि चाचणी सगळ्यांना एकच. पहिली 'पॅक टेस्ट'. पाठीवर ४५ पौंड, म्हणजे साधारण २० किलो, घेऊन तीन मैल ४५ मिनिटांत. पळायचं नाही, चालायचं. पळालात की बाद. ऐकायला सोपं वाटतं. करून बघ. ती पास झाली आणि आठवडाभराचं मूळ प्रशिक्षण झालं की 'रेड कार्ड' मिळतं, त्याशिवाय आगीजवळ उभं करत नाहीत.

हॉटशॉटचा मापदंड त्याच्या वर. दीड मैल १० मिनिटं ३५ सेकंदांत, एका मिनिटात ४० सिटअप्स, एका मिनिटात २५ दंड, आणि वजनानुसार ४ ते ७ पुलअप्स. हा किमान. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात सूप सगळ्यांना डोंगरावर पळवतो आणि कोण मागे राहतं ते पाहतो.

मी तिथेच गळलो. गुडघा. म्हणून हॉटशॉट झालो नाही. सांगतो म्हटलं होतं, सांगितलं.

मोहफूल

भारतीय वनसेवेतही पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर चालावं लागतं. ते नवे साहेब लोक चाचणी देताना आम्ही गार्ड लोक लिंबूपाणी घेऊन बाजूला उभे राहायचो. मनात म्हणायचो, आम्ही हे रोज करतो साहेब, आमची परीक्षा कोणी घेत नाही.

ढगफुटी

विमानातून आगीत उड्या मारणारे असतात ना? ते हॉटशॉटच का?

डग्लसफर

नाही, ते स्मोकजंपर. वेगळी जात. पहिली उडी १२ जुलै १९४० ला आयडाहोत. आता सगळ्या देशात त्यांचे नऊ तळ, माणसं चारशेच्या घरात. दुर्गम जागी ठिणगी पडली की दोन-चार जण उतरतात आणि ती मोठी व्हायच्या आत दाबतात. उडी मारणं हा त्यातला सोपा भाग. आग विझल्यावर पॅराशूट, करवत, सगळं पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत चालायचं. त्यांच्या चाचणीत ११० पौंड घेऊन तीन मैल चालावं लागतं. ५० किलो! सीमेंटची गोणी. आणि बरेच जंपर आधी हॉटशॉट होते, त्यामुळे सुमेधाताई, हे मुलाला सांगू नका.

सुमेधा_साउथबे

त्याला आधीच माहीत आहे. भिंतीवर फोटो आहे.

इतिहासाचं_पान

इतका वेळ कोणी यार्नेलचं नाव काढलं नाही, ते मुद्दाम असेल तर माफ करा. पण आईने विचारलंय तर तेही यायला हवं. ३० जून २०१३, यार्नेल हिल, ॲरिझोना. प्रेस्कॉट शहराच्या ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट तुकडीतले २० पैकी १९ जण गेले. वादळाच्या वाऱ्याने आगीची दिशा फिरवली आणि ते झुडपांनी भरलेल्या खोलगटात अडकले. वाचलेला एक जण टेहळणीवर वेगळा होता. १९ जणांनी शेवटचा उपाय म्हणून चंदेरी पत्र्यासारखे फायर शेल्टर अंगावर ओढले होते. ते आगीची धग परावर्तित करतात, थेट ज्वाळांपुढे फार टिकत नाहीत.

त्याआधी १९९४ मध्ये कोलोरॅडोत स्टॉर्म किंगच्या डोंगरावर १४, त्यात ओरेगनच्या प्राइनविल हॉटशॉटचे ९.

घाटमाथ्यावरून

मी पुन्हा काही बोलत नाही.

डग्लसफर

बोला, बोलायलाच हवं. रेषेवर आम्ही रोज त्याबद्दलच बोलायचो. प्रत्येक सकाळी चार गोष्टी: टेहळणीवर कोण, संपर्क कसा, पळायची वाट कुठली, सुरक्षित जागा कुठे. पॉल ग्लीसन नावाच्या हॉटशॉट सूपने १९९१ मध्ये हे चार शब्दांत बसवलं. आणि सगळ्यात सुरक्षित जागा बहुधा कुठली असते माहीत आहे? जे आधीच पूर्ण जळून गेलंय ती. त्याला 'ब्लॅक' म्हणतात. एक पाय कायम काळ्यात ठेव, असं नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. यार्नेलला ती माणसं काळ्यात होती आणि तिथून निघाली. का निघाली, यावर इतक्या वर्षांनीही वाद होतात आणि मी त्यात पडणार नाही. मी त्यांच्या जागी नव्हतो.

काजूबाग

काळ्याचं वाचून राहवलं नाही. आम्ही रत्नागिरीकडचे. लहानपणी राब भाजताना शेजारच्या सड्यावर गवत पेटलं. आजी ओरडली, "पळू नका, जळलेल्यात या!" आम्ही सगळे राखेत उभे, पाय पोळत होते, पण आग बाजूने निघून गेली. आजी शाळेत गेलेली नव्हती.

इतिहासाचं_पान

@काजूबाग, तुमच्या आजीला जे ठाऊक होतं ते १९४९ मध्ये मोंटानातल्या मॅन गल्चमध्ये एका माणसाला आयत्या वेळी सुचलं. वॅग्नर डॉज, स्मोकजंपरांचा म्होरक्या. मागून आग चढत येतेय आणि त्याने समोरच्या गवताला काडी लावली, जळलेल्या राखेत पालथा पडला आणि बाकीच्यांना ओरडून बोलावलं. त्यांना वाटलं याला वेड लागलं. कोणी आलं नाही. १३ जण गेले. डॉज वाचला, आणि दोघे खडकातल्या फटीतून पलीकडे निसटले.

चहाटळ_बापू

इथे मला विनोद सुचत नाही.

पैशाचं_बोला

सगळे भावनेत वाहताय. पगार?

डग्लसफर

मूळ पगार वर्षानुवर्षं लाजिरवाणा होता. पदाचं नावही 'फॉरेस्ट्री टेक्निशियन', फायरफायटर म्हणायचीसुद्धा चोरी. २०२१ पासून वाढ झाली आणि २०२५ मध्ये ती कायद्याने कायम केली. तरी खरा पैसा ओव्हरटाइमचा. तापलेल्या सीझनमध्ये हजार तासांपर्यंत ओव्हरटाइम होतो, धोक्याच्या कामाला वर २५ टक्के. सहा महिने खर्च करायला वेळच नसतो, म्हणून शिल्लक पडते. मग हिवाळ्यात बेकार. कोणी स्की रिसॉर्टवर, कोणी कॉलेजात, कोणी मेक्सिकोत समुद्रकिनारी. लग्न टिकवणं अवघड, हे मी अनेकांचं पाहिलंय. पुढे जायच्या वाटा आहेत: स्क्वाड लीडर, कॅप्टन, सूप, नाहीतर माझ्यासारखं नकाशे, हवामान, जंगल व्यवस्थापन. तिथे मात्र डिग्री लागते. घाटमाथ्यावरून यांचा तेवढा मुद्दा खरा आहे.

घाटमाथ्यावरून

चला, एक तरी.

सुमेधा_साउथबे

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.

अर्ज गेले. फोन त्यानेच केले, दार लावून. मी बाहेर कान लावून होते हे मान्य. एका सूपने अर्धा तास बोलून सांगितलं की या वर्षी जागा नाही, पण एक सीझन कुठेही करून पुढच्या वर्षी ये. टाइप-२ क्रूच्या एका ठिकाणी भेटायला बोलावलंय. उरलेलं कॉलेज हिवाळ्यात पूर्ण करणार, असं निदान तोंडाने तरी म्हणतोय. डॉक्टर, फुप्फुसांची तपासणी आताच करून ठेवली, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मी खूप तयारी केली होती. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "सरकारी आहे ना?" आणि "शाकाहारी मिळतं ना तिथे?" दोन्हीला हो म्हटलं. दुसऱ्याचं मला नक्की माहीत नव्हतं.

पॅक टेस्टचा सराव चालू आहे. इंडियन स्टोअरच्या २० पौंडी तांदळाच्या दोन पिशव्या आणि पाच पौंड तूरडाळ, बरोबर ४५. काल तिसऱ्या मैलावर पिशवी फुटली. सोसायटीच्या फुटपाथवर सोना मसुरीची रेषा काढत आला घरी. ४७ मिनिटं.

चहाटळ_बापू

रेषा काढायचा सराव झाला म्हणायचा!

मोहफूल

४७ म्हणजे जवळ आलं. पोराला सांगा, चढावर पाऊल लहान टाकायचं. आणि डाळ वर, तांदूळ खाली, ओझं पाठीला चिकटून पाहिजे.

डग्लसफर

काका म्हणतात त्याच्या उलट, जड वर खांद्यांजवळ. पण पाऊल लहान हे शंभर टक्के. ताई, शाकाहारी डबाबंद जेवण मिळतं, पण तिसऱ्या दिवसापासून सगळ्याची चव एकच लागते. लसणाची चटणी द्या, अख्खा क्रू तुमचं नाव घेईल.

सुमेधा_साउथबे

चटणी लिहून घेतली. नवे बूट आलेत, दगडासारखे आहेत. मऊ करायला खोबरेल लावलं तर चालेल का?

डग्लसफर

नको! खोबरेल अजिबात नको. मेणाचं बूट-ग्रीस मिळतं, ते लाव म्हणावं. आणि घरात घालून हिंडू दे त्याला.

सुमेधा_साउथबे

हिंडतोय. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा वर येऊन गेली.